चिंध्यांचं झबलं

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी जमुनेची दमणी, ती छपराची बैलगाडी, दारात उभी राहिली, तेव्हा जयवंता मागच्या पडवीत एका भोपळ्याला झबलं घालून पाहत होती.

भोपळा तिनं परसातून मुद्दाम निवडून आणला होता, बाळाच्या डोक्यापेक्षा नखभर मोठा. आधीचं झबलं तिनं थेट बाळालाच चढवून पाहिलं होतं, तर गळा इतका लहान निघाला की पोरगं कपाळापाशी अडकलं आणि त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. त्याच्याही आधीच्या झबल्याचं तर विचारूच नका. जयवंतानं ते चारी बाजूंनी मन लावून शिवत आणलं आणि पार शेवटी तिच्या लक्षात आलं, की बाळाचे हात बाहेर यायला वाटच ठेवलेली नाही. दिवाळीपासून तिनं नुसते कापूस भरायचे बोरे शिवले होते. बोऱ्याला एक तोंड असतं, हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. लेकराला चार भोकं लागतात, हे त्या हाताला अजून शिकायचं होतं.

शिंप्याकडे जायची सोय नव्हतीच. सातासमुद्रापलीकडे कुठेशी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि वऱ्हाडातल्या बोंडाला भलतेच दिवस आले होते. तिवशातून अमरावतीच्या बाजाराकडे गाड्यांची रांग तुटत नव्हती. गोवर्धन शिंपी अंगरखे-बंड्या विसरून दिवसभर बोरेच शिवत बसायचा. जयवंता त्याच्याकडे बारीक सुई मागायला गेली, तेव्हा त्यानं पेटीच्या तळातून एक गंजकी सुई शोधून काढली. "दाभणं पाह्यजे तितके न्या, बाई," तो म्हणाला. "या सुईची तं मले आता वळखच राह्यली नाही." कसं शिवायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. बाईमाणसाला असलं काही शिकवायचं असतं, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

आणि शिंप्याला सवड असती, तरी हे झबलं त्याच्या हातात पडणार नव्हतं. जयवंताच्या वहिनीची, वच्छलाची, आधीची दोन लेकरं दात यायच्या आत गेली होती. तिसऱ्या खेपेला पोट दिसू लागलं, तेव्हा सुइणीनं आणि आळीतल्या म्हाताऱ्यांनी तिच्याकडून नवस वदवून घेतला. पोराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, शिंप्याची कात्री लावायची नाही. पाच घरच्या चिंध्या मागून आणायच्या, आत्यानं त्या हातानं फाडून हातानं जोडायच्या. आणि बारशाच्या दिवशी ज्या हातचं झबलं पोराच्या अंगात जाईल, त्याच हातानं पुढची पाच वर्षं त्याचं सगळं शिवणटिपण करायचं. दुसऱ्या कुणाचा टाका चालायचा नाही. वरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे कुणाचं तरी टाकलेलं पोर आहे, याला नेऊन काय करायचं.

जयवंतानं हे ऐकलं, तेव्हा पोराच्याही आधी तिच्या मनात ती पाच वर्षं आली. त्याची तिला लाज वाटली, पण आली ती आली.

कारण अकोल्याहून निरोप येऊन पडला होता. तिथल्या जुन्या शहरात मोर्णेकाठी तिच्या नवऱ्याचा, सहदेवचा, भाजीचा मळा होता. त्यानं दुसरी बायको केली, त्याच आठवड्यात जयवंता बोचकं डोक्यावर घेऊन माहेरी आली होती. आता सवतीला दिवस गेले होते. बाळंतपणाला घरात हक्काची बाई पाहिजे, तर जयवंताला लावून द्या, असं सहदेवनं कळवलं. जयवंताचा थोरला भाऊ खुशालराव हो म्हणून मोकळा झाला. बारसं उरकलं की जमुनेच्या दमणीतून अमरावती, तिथून कापसाच्या गाड्यांसंगती अकोला, असं सगळं ठरलं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

"काय व जयवंते," जमुना पडवीत येत म्हणाली, "भोपळ्याचं बारसं करून राहिली काय?"

"त्याचं डोकं जाऊ दे आधी. मंग पोराचं पाहू."

जमुना तिची चुलत बहीण. नवरा अमरावतीला कापसाची दलाली करायचा, त्यामुळे दोन वर्षांत जमुनेच्या अंगावर दागिने आणि बोलण्यात ऐट दोन्ही चढले होते. पण मनानं ती वाईट नव्हती. तिनं मांडीवर बोचकं सोडलं आणि आतून लाल मखमलीची कुंची काढली. कडेनं जर, कपाळावर मोत्यांची ओळ. जयवंताची आई दुर्गाबाई सूप ठेवून जवळ आली, हात पुसून तिनं मखमलीवरून एक बोट फिरवलं आणि चटकन मागं घेतलं.

"शिंप्यानं शिवली हे?"

"मोठा शिंपी हाय, काकी. त्याले येळ कुठी? पण भाऊनं दोनदा सांगून धाडलं, म्हणून केली त्यानं."

जयवंताची सुई थांबली. भाऊनं सांगून धाडलं, म्हणजे उद्या आत्या कोण असणार तेही भाऊनं ठरवून टाकलं होतं.

खुशालराव अंगणात गाड्या भरवत होता. जयवंता तशीच भोपळा काखेत घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. गडीमाणसं बघू लागली, तसा तो तिला बाजूला घेऊन गेला.

"भाऊ, उद्या झबलं कोण घालन?"

"जमुना कुंची घालन. चुलत असली म्हणून काय झालं, आत्याच हाय थे."

"आन नवस?"

"नवस म्हाताऱ्यायचा," खुशालराव म्हणाला. "यंदा आपल्या घरी काय आलं, थे साऱ्या तिवशाले माहीत हाय. अन् माह्या पोराले मी लोकायच्या चिंध्या घालू? जमुना लेकुरवाळी हाय. तिच्या हातानं होऊ दे. तुले बी परवा निघाचंच हाय."

"वयनीनं बोलला नवस. तिले इचारलं?"

"तिले काय इचाराचं."

जयवंतानं आईकडे पाहिलं. दुर्गाबाई ओट्याच्या पायरीवर उभी होती आणि तिला सगळं ऐकू आलं होतं. "माय, तू तरी बोल."

दुर्गाबाई जे बोलली ते खरं बोलली. "मी दोन नातू मातीत देल्ले, जयवंते. जमुनेचे तीन जित्ते खेळून राह्यले. तुह्या हातानं अजून एक बी लेकरू निजवलं नाही. मले नातू पाह्यजे. कोणाच्या हातचा का व्हयेना."

हे तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

"ठीक हाय," जयवंता म्हणाली. "उद्या घुगऱ्या वाटाच्या आधी माहं झबलं त्याच्या आंगात असन. जमुनेची कुंची थ्याच्यावर घाला नाहीतं नका घालू."

पडवीत परतून तिनं गळा बोटभर उसवला आणि पुन्हा शिवायला घेतला. चिंध्या मिळवायलाच तिला किती घाम गाळावा लागला होता. एरवी जुनेरं मागितलं तर गावात कुणी नाही म्हणत नाही, पण यंदा ज्याच्या त्याच्या घरी नवं विलायती कापड आलं होतं आणि आपल्याकडं फाटकं काही आहे हे कबूल करायलाच कुणी तयार नव्हतं. माणिकबाईनं तर कोरी मलमल पुढं केली. जुनंच पाहिजे म्हटल्यावर तिला रागच आला. आमच्याकडं जुनं नसतं म्हणाली. जयवंता तिच्या उंबऱ्यावर बसून राहिली आणि शेवटी माणिकबाईच्या सासूनं कणगीमागून धोतराचा एक धडपा आणून दिला. तो सगळ्यांत मऊ निघाला. जयवंतानं तो छातीशी घेतला होता, पाठीशी दुसऱ्या घरचं लुगडं, बाह्या वेगवेगळ्या. दोरा तिनं आपल्याच जुन्या लुगड्याच्या काठातून उपसून काढला होता. बोटांची चाळण झाली होती. पण संध्याकाळ व्हायच्या आत भोपळ्याचं डोकं गळ्यातून आरपार गेलं, आणि तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

दिवे लागले तशी ती झबलं घेऊन बाळंतिणीच्या खोलीत गेली. शेगडीवर ओवा धुपत होता. वच्छला बाजेवर पोराला घेऊन पडली होती. तिनं झबलं हातात घेतलं, उलटसुलट केलं. एक बाही दुसरीपेक्षा लांब होती.

"बाई, एक इचारू?" वच्छला म्हणाली. "हे माह्या पोरासाठी करून राहिल्या, का अकोल्याले जायचं नाही म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"दोनी," ती म्हणाली.

वच्छलानं मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि पोराचा हात दुपट्यातून बाहेर काढून तिच्यापुढं धरला, बाही मापून पाहायला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना माजघर बायकांनी भरलं. पाळणा बांधला होता, खाली हरभऱ्याच्या घुगऱ्यांची परात होती. जयवंतानं कुणाला काही न विचारता बाळाला मांडीवर घेतलं आणि झबलं घातलं. डोकं गेलं. हात गेले. पाच घरचे पाच रंग, टाके कुठं लांब कुठं आखूड, पण झबलं ते झबलंच दिसत होतं. बायका एकमेकींना कोपर मारून हसल्या, तरी त्यातल्या दोघीतिघींनी वाकून निरखूनही पाहिलं. जमुना मांडीवरची कुंची घडी घालून पुन्हा उलगडत होती.

तेवढ्यात खुशालराव आत आला. पोराला घेऊन बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायचं होतं. त्यानं झबल्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली. पोराला उचललं. काखेखाली दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. सबंध हंगाम त्यानं अमरावतीच्या बाजारात काढला होता, आणि लोंबतं टोक दिसलं की ते धरून ओढायचं, ही त्याच्या हाताची आता सवयच झाली होती. त्यानं ओढलं.

काखेपासून खालपर्यंत झबलं सर्रकन उघडलं. बाही गळून पडली. पोरगं उघडं झालं आणि रडायला लागलं.

जयवंताला बाकी सगळ्यांच्या आधी कळलं काय झालं ते. बोऱ्याचं तोंड शिवताना शेवटी गाठ मारायची नसते. टोक मोकळं सोडायचं, म्हणजे बाजारात घेणाऱ्यानं एक हिसका दिला की बोरा उघडतो आणि दोरही वाया जात नाही. हजारदा तिनं तसंच सोडलं होतं. काल भोपळ्यावरही तिनं तसंच सोडलं.

"आंगावरचं सुटलं व माय," कुणी म्हातारी पुटपुटली, "पहिल्याच दिशी सुटलं." दुर्गाबाई भिंतीला टेकून खाली बसली. खुशालराव हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिला. आपल्याच हातानं हे झालं, हे त्याला समजत होतं, आणि त्याचाच त्याला संताप आला.

"याले शिवणं म्हंतेत? जमुने, आण थे कुंची. बस झाले तमाशे."

"कुंची राहू द्या," जयवंता म्हणाली. तिनं बाही उचलली, झबलं उचललं. "मी बोऱ्याचा टाका घातला, भाऊ. गाठ नाही मारली. चुकी माही. आता मारून देते. तवरीक बारसं थांबन."

"थांबन? लोकं जमा झाले अन् बारसं थांबन?"

"थांबन."

"सुटलं थे सुटलं. आता गाठी मारून काय व्हते?"

तेव्हा वच्छला बोलली. तिनं पोराला नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं होतं, पदरात गुंडाळलं होतं. नवऱ्यासमोर, चार बायकांत, तिनं आजवर तोंड उघडलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"त्या दोघायचे टाके पक्के होते," ती म्हणाली.

कुणाला लगेच समजलं नाही.

"थोरल्याचं झबलं गोवर्धन शिंप्यानं शिवलं. दुसऱ्याचं तुमी नागपूरहून आणलं. एक टाका हालला नाही त्यायचा. आंगावर होते तसेच मातीत गेले." तिनं पोराला घट्ट धरलं. "शिवा तुमी, बाई. मी बसली हाय."

खुशालराव दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर गेला नाही.

जयवंता पाळण्याखालीच बसली. एवढ्या बायकांच्या नजरा अंगावर घेऊन शिवणं म्हणजे काय, ते तिला आता कळलं. दोरा सुईच्या नाकाशी जायचा आणि वाकडा व्हायचा. तिनं तो ओला केला, पिळला, पुन्हा धरला. जाईना.

समोरून कुणीतरी सुई तिच्या हातातून काढून घेतली. जमुना होती. मांडीवरची कुंची बाजूला ठेवून ती सरकून पुढं आली होती. पहिल्याच खेपेला तिनं दोरा ओवला.

"माह्या घरच्यायनं धाडलं मले," ती हळूच म्हणाली. "भाऊचा कापूस दुसऱ्या दलालाकडं जाऊ नाही म्हणून. मले काय हौस हाय पाच वर्स तिवशाच्या वाऱ्या कराची? अन् तू अकोल्याले जाऊन सवतीचं उपसशीन, थे मले गोड वाटते काय?" तिनं सुई परत दिली आणि कापडाचं एक टोक ताणून धरलं. "मार गाठ. दुहेरी मार."

जयवंतानं गाठ मारली. मग पुढचा टाका, पुन्हा गाठ. सुटा म्हणून एक टाका ठेवायचा नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं. दोनतीन बायका जवळ सरकल्या आणि आता उपदेश सुरू झाला. एकजण म्हणाली, गाठी आतून आल्या तर पोराला टोचतील. बरोबर होतं. जयवंतानं कापड उलटवलं आणि सगळ्या गाठी बाहेरून घेतल्या.

"वरून दिसतीन व," दुसरी म्हणाली.

"दिसू दे."

घुगऱ्या गार झाल्या. माजघरात अंधारून आलं, तशी दुर्गाबाई उठली, समई पेटवून आणली आणि लेकीच्या गुडघ्यापाशी ठेवली. मग तिथंच बसली. लेकीच्या बोटांवर सुईचे काळे ठिपके होते, ते तिनं आज पहिल्यांदा पाहिले.

शेवटचा दोरा जयवंतानं दातांनी तोडला आणि झबलं घेऊन ती दाराशी गेली.

"वढा, भाऊ."

"काय?"

"वढून पाहा."

त्यानं दोन बोटांनी काठ धरून उगाच ओढल्यासारखं केलं.

"असं नाही. बाजारात वढता तसं."

सगळ्या बायका बघत होत्या. खुशालरावानं दोन्ही हातांनी धरलं आणि खरोखरच हिसडा दिला. माणिकबाईच्या सासूच्या धोतराचा धडपा करकरला. टाका एकही हालला नाही. त्यानं पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूनं ओढून पाहिलं, मग झबलं तिच्या हातात परत दिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्याच्या जागी काय ठेवावं ते त्याला सुचत नव्हतं.

"राजाराम ठेवजो नाव," तो एवढंच म्हणाला. "आपल्या बापाचं नाव हाय."

झबलं घातलं. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत पोरगं पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, मग आत ठेवलं आणि जयवंता वाकली. बाळाला ओव्याचा आणि दुधाचा वास येत होता. हा वास आपल्याला पाच वर्षं पाहिजे, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. आज त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण राजाराम हे नाव तिच्या ओठांवर आलंच नाही. राजाराम म्हटलं की वरचा वळून बघणार.

"चिंधू," तिनं कानात सांगितलं. मग मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं.

"चिंधू?" खुशालराव दारातून म्हणाला. "पाटलाच्या घरी चिंधू?"

"चिंधू," वच्छला म्हणाली आणि पाळण्याला पहिला झोका तिनंच दिला.

सकाळी दमणी जुंपली. जमुना आत बसली, मखमलीची कुंची तिच्या बोचक्यात जशीच्या तशी परत निघाली होती. खुशालराव बैलांच्या जुवाशी चाळा करत उभा होता. दमणीत जमुनेच्या शेजारी एक जागा मोकळी होती, तिकडे तो बघत होता आणि पडवीकडेही बघत होता. पडवीत जयवंता दुसऱ्या घरच्या चिंध्या मांडून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

दुर्गाबाई बाहेर आली. तिनं गड्याला हाक मारली आणि मोकळ्या जागेकडे बोट केलं. "तिथी तुरीचं पोतं टाक. जमुनेच्या लेकरायले व्हईन."

"माय," खुशालराव म्हणाला, "अन् सहदेवले काय सांगू?"

"सांगजो," दुर्गाबाई म्हणाली, "तिच्यापाशी पाच वर्साचं शिवण पडलं हाय."